माझं गुलाबी सीरम

२ तारीख, सकाळ
लॅब सायन्सची डिग्री हातात. लॅबमध्ये उमेदवारी सुरू. सहा तारखेला परीक्षा: रक्ताचा नमुना तयार करायचा, मशीनला लावायचा, रिपोर्टचा अर्थ सांगायचा. पास झालो की नोकरी पक्की. नापास झालो तर धाकट्या बहिणीच्या हाताखाली. ती याच लॅबमध्ये गेल्या वर्षीच पर्मनंट झाली. नशीब असतं एकेकाचं. उद्यापासून पहाटे उठून वाचणार.

३ तारीख, साडेनऊ
उठायला उशीर. मेंदूला विश्रांतीही लागते.

लॅबच्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, रक्ताची नळी हलक्या हाताने पाचदा उलटीसुलटी करायची. मॅडमचं वय झालंय, मनगटात जोर नाही. मी पन्नास वेळा गदागदा हलवली. काम करायचं तर नेटानं.

४ तारीख
माझं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर नळीत वर उरणारं पाणी, छान गुलाबी आलं. बाकीच्यांचं पिवळट, आजारी दिसणारं. धाकटी काहीतरी सांगायला आली. म्हटलं, मोठ्या भावाला शिकवू नकोस.

५ तारीख
वाचन राहिलं. हात तयार आहे.

६ तारीख, दुपार
परीक्षा. रक्त माझंच, धाकटीने काढलं. पुढचं सगळं मी. ऐंशी वेळा हलवली.

पोटॅशियम ८.४. पुस्तकात पाहिलं. पाचच्या आसपास थांबायला हवं. इतकं वाढलं की हृदय बंद पडतं.

नियम असा, धोक्याचा आकडा आला की पेशंटच्या डॉक्टरला किंवा घरच्यांना ताबडतोब फोन करायचा. पेशंट मीच, म्हणून आईला केला. सगळ्यांना माफ केलं म्हणून सांगितलं. माझ्याआधी पर्मनंट झाल्याबद्दल धाकटीलाही. आईने विचारलं, जेवलास का?

बाकावर आडवा होऊन लिहितोय. भीती वाटते.

६ तारीख, चार वाजता
अजून आहे.

मॅडमनी नळी उजेडात धरली. म्हणाल्या, हलवून हलवून पेशी फोडल्यास, त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर सांडलं. हा नमुना टाकून दुसरा घ्यायचा, एवढंच उत्तर होतं. आणि ८.४ वाला माणूस आईशी वीस मिनिटं फोनवर बोलतो का, हा विचार तरी करायचास.

धाकटीने पुन्हा रक्त काढलं. नळी तिनेच हलवली. पाचदा. ४.२.

७ तारीख, सकाळ
नापास. तीन महिने नळ्यांना लेबलं लावायची. लॅबमध्ये धाकटीला मॅडम म्हणायचं. आईने डबा दोघांचा एकच दिला, तोही तिच्याकडे.

पहिलं लेबल तिरकं लागलं. तिने सोडवून सरळ लावलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. आता भांडताही येत नाही. कालच माफ करून बसलोय.