प्रियूचा वाटा

बीड, ६ जानेवारी २०२५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. कंडक्टर शहादेवमामांच्या एसटीत प्लास्टिकचे चपटे डबे दिलेत. अण्णा गेल्यापासून एकटीसाठी चूल कशाला, म्हणून तू चहा-भाकरीवर भागवतेस. मला काय कळत नाही? आता एकदाच रांधायचं. भाजी पुरती गार झाली की डब्यात भर, वर बोटभर जागा सोड, चिठ्ठी लाव आणि फ्रीजच्या बर्फाच्या खणात ठेव. खायच्या आदल्या रात्री खाली काढायची.

क्लासच्या पोरांच्या परीक्षा मला आता रविवारीच घ्याव्या लागतात, त्यामुळे दर रविवारी येणं जमायचं नाही. तुझ्या जेवणाची सोय झाली म्हणजे मला घोर नाही.

माया आहे तशीच असू दे.
तुझी प्रियदर्शनी

तलवाडा, १५ जानेवारी

चि. प्रियूस,
अ. उ. आ.

डबे पोचले. पर बोटभर जागा सोडायला हात धजंना. उणा डबा भरायचा म्हंजे कंजुषी केल्यागत वाटतं बघ. शेंगोळे काठोकाठ भरले, तर रातीतून झाकण उडालं अन् रस्सा खणाला चिकटला. शेजारची अस्मा आलती, ती पोट धरून हसली. म्हणली, मावशी, पाव्हण्याला वाढताव का काय?

परवा भोगीची भाजी केली. कमी करावं म्हणते, पर दोघींची होतीच. तुजा वाटा काढून ठिवलाय. जेवणाची सोय झाली, खरं हाय. पर घोर मिटला म्हणून येनं बी मिटलं का गं? रागवू नको, इचारलं आपलं.

जिवाला जप, आईला इसरू नको.
तुजी आई, छबुबाई

बीड, १८ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

येणं मिटलं असं कसं म्हणतेस? परीक्षा संपू दे, मग चांगली राहायलाच येते. इतक्या दिवसांत डबे संपले असतील. रिकामे शहादेवमामांकडे दे. इथं घट्ट झाकणं मिळतात, ती बसवून पाठवते.

घाईत लिहिलंय, पोटात घाल.
तुझी प्रियदर्शनी

तलवाडा, २२ फेब्रुवारी

चि. प्रियूस,
अ. उ. आ.

रिकामे डबे कुठून धाडू? एक बी रिकामा न्हाई. खणाचं दार लागंना. समदे तुजेच वाटे हायत. माजं मी ताजं खाते, तुजं काढून ठिवते. घरात नसणाऱ्याचा वाटा आधी काढायचा, ही आपल्या घरची रीत. तूच म्हणलीस म्हणून चिठ्ठ्या बी लावल्यात.

अस्मा म्हणली, तुमीच खाऊन टाका. पर तुज्या वाट्याला हात लावला की तू येनार न्हाईस हे मीच कबूल केल्यागत होतं. लाईट जाती तवा फ्रीजवर वाकळ टाकून जवळ बसते. येडी म्हणशील. लई एकटं वाटतं गं प्रियू. रविवारी एसटीचा हॉर्न ऐकू येत न्हाई, म्हणून दारातच बसते.

ऊन लई पडाया लागलंय, डोक्याला बांधत जा.
तुजी आई

बीड, २५ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र क्लासच्या जिन्यात वाचलं आणि तिथंच रडले. पोरांनी विचारलं, तर डोळ्यात कचरा गेला म्हणाले.

रात्री खोलीवर तुरीच्या दाण्यांची आमटी केली. एकटीची करायला गेले, दोघींची झाली. तुझा वाटा काढला, पण माझ्याकडे फ्रीज कुठाय? शेवटी भांडं पाण्याच्या परातीत ठेवून त्याच्याकडे बघत बसले. मग सकाळी क्लासमधल्या विजयसिंह सरांना माझ्याऐवजी रविवारच्या परीक्षा घ्यायला सांगितलं.

रविवारी पहिल्या गाडीनं येते. शनिवारी रात्री भोगीची भाजी खाली काढून ठेव. पण एकच डबा काढ, आई. बाकीच्यांना हात लावू नको. दर रविवारी एकेकच काढायचा.

दारात बसलीस तर सावलीत बस.
तुझी प्रियू