पाच तारखेचा ट्रक

शिवणाचं दुकान, बाजाररस्ता
९ मार्च

तीर्थरूप बाबांना,
सा. न. वि. वि.

नमस्कार रीतीप्रमाणे लिहिला आहे, त्यावरून माझा राग उतरला असं समजू नका. फोन न करता पत्र का लिहिते तेही सांगून टाकते. फोनवर तुमचा आवाज आला की मला सत्तावीस जानेवारीचं ते 'नाही'च ऐकू येतं.

त्या दिवशी वर क्वार्टरमध्ये आई शेवटच्या घटका मोजत होती आणि मी इकडे घाटाच्या पायथ्याशी, खालच्या फाटकापाशी तीन तास उभी होते. वरून तुमचा शब्द आल्याशिवाय खालचा फाटकवाला गाडी सोडत नाही. एकतीस वर्षं तो शब्द तुमचाच. मी फोनवर अक्षरशः हात जोडले. तुम्ही म्हणालात, नाही. कड्यावर बर्फ भरलंय, गाडी सोडणार नाही. संध्याकाळी आई गेली. तिला पोचवायलाही मी नव्हते, फाटक पुढे तीन आठवडे बंदच होतं. झालं, एवढंच बोलायचं होतं. आता कामाचं.

तुमच्या ऑफिसचं पत्र इकडच्या पत्त्यावर आलंय. एकतीस मार्चला तुम्ही रिटायर, पंधरा एप्रिलच्या आत क्वार्टर रिकामं करून नव्या माणसाला द्यायचं. मी पाच एप्रिलचा ट्रक सांगितला आहे. दहा तारखेपासून शाळांच्या गणवेशांचं काम सुरू होतं, मग मला मान वर करायला फुरसत नसते. दुकानामागची खोली तुमच्यासाठी मोकळी केली आहे. तुमची ती लोखंडी शेगडी आणू नका, इथे ती पेटवली तर शेजारी बंब बोलावतील. बर्फ मोजायच्या काठ्याही नकोत. आईचं कपाट मात्र आहे तसं, कपड्यांसकट, कुलूप लावून ट्रकमध्ये चढवायचं. त्याला हात लावायचा नाही. मी स्वतः उघडणार.

गुडघ्याला तेल लावता की नाही? विचारते आहे म्हणून हुरळून जाऊ नका, इथे आल्यावर जिना चढायचा आहे म्हणून विचारते.

शेवटी लोभ असावा असं लिहायचं असतं. लिहिलं.

तुमची,
ठिणगी


वरच्या फाटकाचं क्वार्टर
१४ मार्च

चि. ठिणगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र नांगरवाल्याने आणून दिलं. बर्फ काढायचा नांगर आता रोज वरपर्यंत येतो, त्यामागून एखादी जीपही येते. तुझं नाव ठिणगी मीच ठेवलं, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

पाच तारखेला ट्रक चढणार नाही. रिकामा कदाचित चढेल, भरलेला उतरणार नाही. बर्फ वितळून रस्त्याची दरीकडची कड भिजून लोणी झाली आहे. खाली तुमच्याकडे फुलं आली म्हणजे वर रस्ता झाला असं नसतं. बारा तारखेच्या आधी नाही. ट्रकवाल्याला तसं सांग.

आवराआवर चालू आहे. या घरात एवढ्या बरण्या कुठून आल्या देव जाणे. तुझी आई रिकामी बरणी टाकत नसे आणि झाकण कधी सापडत नसे. आठ रजया निघाल्या, त्यातल्या तीन उंदरांनी आधीच आपापसात वाटून घेतल्या आहेत.

एक सांगायचं राहिलं. नवा फाटकवाला आठ दिवसांपूर्वी बायकोला घेऊन आला. तिला सातवा महिना आणि अंगावर पातळ शाल. कुणी सांगितलंच नव्हतं तिला, इकडचा वसंत म्हणजे काय ते. कुडकुडत दारात उभी राहिली. कपाटातला तुझ्या आईचा जाड कोट आणि दोन स्वेटर मी तिला दिले. तुझं पत्र यायच्या आधी दिले, तेव्हा उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस.

आणि खोलीचं म्हणशील तर नको. स्टँडजवळ भाड्याची खोली बघतो. लेकीने पान वाढायचं आणि तोंडाकडे बघायचं नाही, असलं जेवण मला पचणार नाही. तुझा राग मला समजत नाही असं नाही, पण फाटक माझ्या घरचं नव्हतं. माझ्या एकतीस वर्षांत बंद घाटात एक माणूस दगावलं नाही.

जावईबापूंना आशीर्वाद. माया कमी करू नकोस, फार तर झाकून ठेव.

बाबा


शिवणाचं दुकान
१९ मार्च

तीर्थरूप बाबांना,
नमस्कार.

कोट दिलात? तो कोट? बाबा, तो मी शिवलेला पहिला कोट होता. सतरा वर्षांची होते. डाव्या खिशाचं अस्तर मी उलटं लावलं आणि आईने ते जन्मभर कुणाला नीट करू दिलं नाही. तिला सातवा महिना आहे, थंडी वाजत होती, सगळं मान्य. मग तुमचा कोट द्यायचा होता! रजई द्यायची होती! माणूस गेल्याला दोन महिने झाले नाहीत आणि तुम्ही कपाट उघडून वाटप सुरू केलंत. मला एक शब्द विचारावासा वाटला नाही. तुम्ही कुणाला विचारताच कधी म्हणा. तुम्ही शब्द देता, बाकीच्यांनी फाटकाशी उभं राहायचं.

आणि ते एकतीस वर्षांचं कौतुक मला सांगू नका. एक माणूस दगावलं नाही म्हणे! माझी आई माणसात धरत नाही वाटतं. ती दुखण्याने गेली, डॉक्टरांनी डिसेंबरातच हात टेकले होते, सगळं मला ठाऊक आहे. मी तिला वाचवायला येत नव्हते. तिचा हात धरायला येत होते.

तर आता सरळ विचारते आणि सरळ उत्तर पाहिजे. मी पहिला फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात थांब, बघतो. तासाभराने नाही म्हणालात. खरंच वर जाऊन पाहिलंत, की खुर्चीत बसूनच ठरवलंत? आणि त्या दिवशी कडा सुटला का, त्याच्यावरचं बर्फ रस्त्यावर आलं का? किती वाजता सुटला? तुम्ही कुणालाच सांगत नाही. खालच्या फाटकवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, बाबांनाच विचारा, आणि विषय बदलून चुलीवरच्या चहाकडे बघतो. कडा सुटला असेल, मी खाली गाडली गेले असते, तर तसं लिहा. मी गिळून टाकीन, पुन्हा हा विषय काढणार नाही. पण उत्तर द्या.

ट्रक पाच तारखेलाच येणार. बारा वगैरे काही नाही. तुमच्या 'नाही'वर मी एकदा थांबले, पुन्हा थांबणार नाही.

लोभ आहे म्हणून तर एवढा जळफळाट होतो.

ठिणगी


शाळा, मधली सुट्टी
२६ मार्च

तीर्थरूप बाबांना,
सा. न. वि. वि.

हे पत्र हिच्या नकळत लिहितो आहे, तेव्हा उत्तर घरी पाठवू नका, नाहीतर माझंच क्वार्टर रिकामं करायची वेळ येईल.

तुमचं बावीस तारखेचं कार्ड आलं. ट्रंका सात, खोकी अकरा, शेगडी एक. बाबा, माझ्या तिसरीच्या वर्गातली पोरंही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येत नसलं की असंच दुसरं काहीतरी लिहितात. हिने कार्ड उलटून पाहिलं, मागेही काही नव्हतं. मग दिवसभर बोलली नाही. आरडाओरडा करते तेव्हा मी निर्धास्त असतो, गप्प बसते तेव्हा माझं धाबं दणाणतं.

दुकानात गिऱ्हाईक यायला घाबरतं. परवा आमच्या हेडमास्तरांच्या पँटचा एक पाय आखूड झाला, तर ही त्यांना म्हणाली पँट बरोबर आहे, तुमचा पायच लांब आहे. त्यांनी मुकाट्याने पँट नेली आणि तीच घालून शाळेत येतात.

तुमच्याबद्दल वाट्टेल ते बोलते. पण मागची खोली हिने स्वतः रंगवली आहे, पलंग दोनदा हलवून बघितला, उजेड तुमच्या डाव्या बाजूने यायला हवा म्हणून. हे तुम्हाला कळू द्यायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे. स्टँडजवळच्या खोलीचा विषय कृपा करून सोडा.

हिला तुमच्या तोंडून खरं काय ते पाहिजे. काय खरं आहे मला माहीत नाही. पण न सांगितलेल्याने हे घर आतून कुजेल, एवढं मला दिसतंय. लहान तोंडी मोठा घास घेतला, क्षमा असावी. घंटा झाली.

आपला,
जावई


वरच्या फाटकाचं क्वार्टर
३१ मार्च

चि. ठिणगीस,
आशीर्वाद.

आज माझा शेवटचा दिवस. चार वाजता किल्ल्या नव्या माणसाच्या हातात दिल्या. आता मी सरकारचा कुणी नाही, तेव्हा तुझा बाप म्हणून लिहितो.

तुझा पहिला फोन आला तेव्हा दोन वाजले होते. तुझ्या आईजवळ नर्सबाईंना बसवलं आणि फावडं घेऊन कड्याकडे गेलो. खुर्चीत बसून नाही ठरवलं. मांडीएवढ्या बर्फात जाऊन खड्डा खणला. नवा थर खालच्या थराला धरून नव्हता, फावडं टेकलं की तिरप्या ताटातली साखर सरकावी तसा सरकत होता. त्याच्याखालून रस्ता जातो. तीन वाजता परत आलो, फोन उचलला आणि नाही म्हणालो. दुसऱ्या कुणाची लेक असती तरी तेच म्हणालो असतो. त्यात तू होतीस, मग तर हो म्हणायची माझी छातीच झाली नाही. आत एक जात होती. दुसरीला त्या कड्याखाली कसं बोलवू?

आता तुझा प्रश्न. कडा सुटला नाही.

त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. अकराव्या दिवशी सुटला, तोही पलीकडच्या ओढ्यात. रस्त्यावर एक ढेकूळसुद्धा आलं नाही. तीन वाजता मी हो म्हणालो असतो तर तू पावणेचारला दारात असतीस. तुझी आई पावणेसहाला गेली. दोन तास मिळाले असते तुम्हाला दोघींना.

चार वाजता तिनं विचारलं, आली का. मी म्हणालो, निघाली आहे, वाटेत आहे. मग ती दाराकडे बघत राहिली. मी तिला खोटं सांगितलं. हे नर्सबाईंना माहीत आहे आणि आता तुला.

नऊ आठवडे मी मूग गिळून बसलो, कारण कडा रोज दिसायचा. दार उघडलं की समोर तोच. रोज वाटायचं, आता तरी पड बाबा. माणसाने असं मागू नये, पण मी मागितलं. पडला असतास तर लेकीला लिहिता आलं असतं. मी नियमाने वागलो, आज पुन्हा तसंच बर्फ असेल तर पुन्हा तसंच वागेन, आणि तरी तुझे दोन तास मी खाल्ले ते खाल्लेच. या दोन्ही गोष्टी मला एकत्र मांडता येत नाहीत. तुला येत असतील तर मांड. नसतील तर शिव्या दे.

कोट न विचारता दिला, तेही चुकलं. परत मागायला तिच्या दारात गेलो होतो. ती तो घालूनच कपडे वाळत घालत होती. माझ्याच्याने मागवलं नाही.

आणि पाच तारखेच्या ट्रकला नाहीच. मला माहीत आहे हा शब्द तुला कसा लागतो. तरी नाही. आज रस्त्याच्या कडेला पहार रोवली, हातभर आत गेली. सामान बारा तारखेला. मी मात्र पाच तारखेला नांगरवाल्याच्या जीपने एक पिशवी घेऊन खाली येतो. स्टँडवर उतरेन. पुढे तू सांगशील तसं.

रागातही आठवण काढतेस, तेवढी चालू ठेव.

बाबा


शिवणाचं दुकान
३ एप्रिल

तीर्थरूप बाबांना,
नमस्कार.

पत्र काल मिळालं. वाचून मी एवढी ओरडले की समोरचा चपलांचा दुकानदार रस्ता ओलांडून बघायला आला. त्याच्यावरही ओरडले. यांच्यावर ओरडले. आज सगळा दिवस शटर अर्धं खाली होतं.

दोन तास, बाबा! दोन तास!

माफ केलं असं लिहिणार नाही, कारण केलेलं नाही. करीन की नाही तेही माहीत नाही. त्या दोन गोष्टी मला काही मांडता येत नाहीत, मी बसले होते मांडायला. कडा सुटला असं लिहून मोकळं व्हायचं होतं ना! वर जाऊन कोण बघणार होतं? मी जन्मभर मान खाली घालून गप्प बसले असते, तुम्हीच बरोबर म्हणाले असते. तेही तुम्हाला जमलं नाही. आईशी मात्र जमलं. आई मी वाटेत आहे असं समजून गेली, यावर रडू की तुमचा गळा धरू हे मला कळत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी चिडून बसले आहे.

ट्रक बारा तारखेचा केला. ट्रकवाला कुरकुरला, त्यालाही ऐकवलं. गणवेश राहतील पडून, पोरं जुने घालतील.

कोटाचं राहू द्या. मूल झालं की तिला विचारा उबदार होता का.

स्टँडवर उतरायचं नाही. जीप दुकानाच्या दाराशी थांबवायला सांगा. भाड्याच्या खोलीचं नाव पुन्हा काढलंत तर बघा. माझ्याशी भांडायचं तर माझ्या घरात राहून भांडायचं, मला रोज बाजार ओलांडून भांडायला यायला वेळ नाही.

आल्यावर हातपाय धुवा, चहा घ्या, आणि मग माझ्यासमोर बसा. पावणेचारपासून सुरू करायचं. आई कुठल्या कुशीवर होती, पांघरूण कुठलं होतं, पाणी किती घोट प्याली, काय काय म्हणाली, माझं नाव कितीदा घेतलं आणि कसं घेतलं, दाराकडे बघत होती तेव्हा चेहरा कसा होता. पावणेसहापर्यंत सगळं सांगायचं. मध्ये थांबायचं नाही, माझी दया येऊन काही गाळायचं नाही. मी रडले तर रडू द्यायचं. पूर्ण दोन तास लागले पाहिजेत.

जीपमध्ये पुढच्या सीटवर बसा. लोभाचं काय ते समोरासमोर बघू.

ठिणगी