पलीकडच्या वाफ्याचं बी

१२ ऑक्टोबर

सहा वर्षं सावलीची जाळी बांधून ज्या औषधी मुळ्या मी वाढवल्या, त्या तू खोट्या ठरवल्यास, आणि ते मला तुझ्या बापाच्या पत्रातून कळावं? प्रयोगशाळेत तपासायच्यात म्हणून मुळ्या मागितल्यास तेव्हा काय गोड बोलत होतीस. आता बाप लिहितो, पोरीच्या यंत्रानं तुझं जिनसेंग नकली ठरवलं, माझ्या दुकानाची अब्रू जाईल, दोन्ही वाफे उपटून टाक. रविवारी कुदळवाले पाठवतोय. मी फाटकाला कुलूप घातलंय.

चि. नातीस आशीर्वाद. द्यावे लागतात म्हणून दिले.

मुळीला सोंग कोण शिकवणार, बाई? आधी तुझं यंत्र तपासून घे. बाकी गुडघे दुखतात. ते खरे की नकली, तेही कळव.

आजी

१६ ऑक्टोबर

ती. आजीस शि. सा. नमस्कार.

शिव्या पोचल्या, पण त्या माझ्या नव्हेत. नकली हा शब्द मी लिहिलाच नाही. बाबांना एवढंच कळवलं होतं, की तुझ्या दोन वाफ्यांत जिनसेंगच्या दोन जाती आहेत. पानं सारखी, लाल फळंही सारखी, म्हणून ओळखू येत नाहीत. पण जनुकं वेगळी, म्हणजे मुळी आत काय तयार करणार ते मुळातच वेगळं. विहिरीकडच्या मुळ्यांत एक द्रव्य सापडतं, ते पलीकडच्या बनवतच नाहीत. त्या दुसरंच बनवतात, जे विहिरीकडच्यांत नाही. दोन्ही अस्सल. फक्त एकाच नावाच्या डब्यात विकू नयेत, कारण माणसाला हवी असते एक आणि पोटात जाते दुसरी. बाबांना मी डबे वेगळे करा म्हटलं. वाफे उपटा म्हटलं नाही.

पण पलीकडचं बी आलं कुठून? रागावलीस तरी लिहीत जा. गुडघे खरे आहेत, डॉक्टरला दाखव.

तुझी नात

२० ऑक्टोबर

बी कुठून आलं म्हणून तुझी लेक मला विचारते. सांगू? विहिरीकडचं माझ्याच झाडांचं. पलीकडचं तू पिशवीतून आणलंस, आपल्याच जातीचं म्हणून माझ्या गळ्याची शपथ घेतलीस. मी मूर्ख, ते ओल्या वाळूत वर्षभर सांभाळलं, बियांनी तोंड उघडेपर्यंत. तेव्हा तुला ठाऊक होतं की नाही, ते तुझं तू जाण. आता तर ठाऊक झालं ना? मग गिऱ्हाइकांना सांगायचं सोडून माझे वाफे बुजवायला निघालास, आणि पुढं केलंस कुणाला, तर पोटच्या पोरीला. माझी सगळी जीभ तिच्यावर वाया गेली.

चिरंजीवास आशीर्वाद, मोजून एक.

कुदळवाल्यांना चहा पाजून परत पाठवलं. पलीकडच्या वाफ्यावर वेगळी पाटी ठोकलीय. तू डबे वेगळे कर, आणि आजवर ज्यांना विकलंस त्यांना स्वतः जाऊन सांग. तोवर इथून मुळीचा केससुद्धा दुकानात येणार नाही.

लोभ तिकडून दिसला की इकडूनही निघेल. उत्तर तुझ्या हातचं हवं. सुनेला लिहायला बसवलंस तर तिचं अक्षर मी ओळखते.

आई