भूखंड सातचा नकाशा

३ जून, सोमवार

भूखंड सात अजून भूमापनवाल्यांकडेच! आमच्या गृहनिर्माण खात्यातून नकाशा मार्चमध्येच गेला, मीच काढलेला. त्यांनी जमीन ताब्यात दिली की दोनशे घरांचं काम सुरू. त्यातलं एक माझ्या ताईचं. सहा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये काढतेय, दोन मुली घेऊन. थोरली कपडे बदलायला शेजारणीकडे जाते.

५ जून

समन्वय बैठक. तीन खाती, एक टेबल. आम्ही म्हणालो, भूमापनकडून यायचंय. भूमापन म्हणे, पाणी खात्याचा अभिप्राय नाही. पाणीवाले म्हणे, आधी ताबा कुणाचा ते ठरू दे. चहा झाला, पुढची तारीख पडली.

भूमापनचा मोजणीदार सारखा माझ्याकडे बघत होता. ह्याच्या पोटात काहीतरी आहे.

६ जून

त्याला जिन्यात गाठलं. म्हणाला, "मॅडम, ते तुमच्याकडूनच थांबलंय."

वर मलाच ऐकवतो!

१० जून

आमचा शिपाई सांगत होता — मोजणीदार रविवारी भूखंडावर दिसला, बरोबर पांढऱ्या शर्टातला कुणी. बिल्डरच असणार! पाणी कुठं मुरतंय ते कळलं. ताई म्हणते, उगाच कुणावर आळ घेऊ नकोस. भोळी आहे ती.

११ जून

लेखी तक्रार दिली. मोजणीदाराच्या पूर्ण नावानिशी.

१४ जून

त्याला निलंबित केलं. चौकशी लागली. आज शांत जेवले.

१८ जून

नकाशा अभिप्रायासाठी माझ्याकडे परत आला. कोपऱ्यात पेन्सिलीनं — 'थांबा'. पेन्सिलीचा शेरा ज्यानं लिहिला त्यानंच खोडायचा, ही आमच्याकडची पद्धत. दुसरं खातं हात लावत नाही, विचारतही नाही. दोन्ही खाती तीन महिने ह्या एका शब्दापाशी अडून बसली.

अक्षर माझं.

नकाशा गेला की घरांची यादी बंद होते, म्हणून मार्चमध्ये ताईचा अर्ज यादीत जाईपर्यंत मीच तो दोन दिवस रोखला होता. अर्ज गेला, नकाशा पाठवला, शेरा खोडायचा राहिला. लाज वाटतेय, आणि भीतीही.

१९ जून

खोडला. नकाशा पुढे पाठवला.

२४ जून

ताबा मिळाला. ताई फोनवर रडली. दुपारी चौकशीला बोलावलं. मोजणीदार समोरच बसला होता. साहेबांनी विचारलं, हा म्हणतो नकाशावर पेन्सिलीचा शेरा होता, तुम्ही पाहिलात का?

"नाही," म्हटलं.