भडक्याची सरासरी

मंगळवार, संध्याकाळ
कोल्हापूर

दुपारी आलेख पुन्हा काढला आणि माझी चूक दिसली. आम्ही अभ्यासतोय त्या तरुण ताऱ्याचं बाहेरचं वातावरण नेहमीच इतकं तप्त असतं, असं मी माझ्या मार्गदर्शक सरांना छातीठोक सांगितलं होतं. पण मोजणीच्या वेळी तो भडकलेला होता! अतिनील प्रकाशाच्या आलेखात तो उंचवटा स्पष्ट दिसतो. मी तोही धरून सरासरी काढली. तापानं फणफणलेल्या माणसाला हात लावून 'हा कायमच असा' म्हणण्यासारखं.

सर उद्या शोधनिबंध पाठवणार. दुपारीच त्यांना फोन करायला हवा होता. घरी आले तर आत्या शेजारच्या काकूंना सांगत होती, "आमच्या पोरीनं तारा किती तापतोय त्ये हितं बसून सांगितलं की! तुमच्या सुभाषला चुलीवरचं दूध उतू गेल्यालं कळत न्हाय." काकू हसल्या. मीही हसले. का हसले?

चहा पितानाही तो उंचवटा डोळ्यांपुढून हलेना. "गप का गं? काय बिघडलं व्हय?" आत्यानं विचारलं. शाळेत जायच्या आधी मला घरी शिकवलं ते हिनंच. तिला मी 'काही नाही' म्हटलं.

शेवटी गच्चीवर जाऊन सरांना फोनवर सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. "भडका वगळून पुन्हा मोजू. निबंध थांबवतो. कधी लक्षात आलं तुझ्या?"

"आत्ताच, सर."

"प्रामाणिक आहेस," ते म्हणाले. आणि मी ते ऐकून घेतलं.