चोवीस पिवळे गुडघे

मखमलाबाद, नाशिक
रविवार, सकाळ

तीर्थस्वरूप मैनाताईस,

धाकट्या वाल्मीकचा वाकून नमस्कार. (वाकणं सध्या जरा जड जातंय. कारण पुढे सांगेन, आत्ताच विचारू नकोस.) इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. झेंडू बरा आहे, टोमॅटो त्याहून बरा आहे, सुवर्णाचा राग नेहमीइतका आहे. किशोरदाजींची ॲसिडिटी कशी आहे? तुझी पाठ? मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसताना डावा गुडघा अजून चमकतो का? पैठणी पूर्ण झाली की चार दिवस पाय लांब करून बसत जा. ऐकणार नाहीस, तरी सांगतो.

फोन सोडून पत्र का, असं तुझ्या मनात आलंच असेल. फोनवर मी ‘खो’ म्हटलं की तू दुसरा ‘खो’ यायच्या आत फोन कापतेस. पत्र फाडलंस तरी तोवर निम्मं वाचून झालेलं असेल, असा माझा हिशोब आहे. आणि आधीच सांगून टाकतो, तुझ्या आरोहीला खो-खो खेळू दे असं म्हणायला मी हे पत्र मुळीच लिहीत नाहीये. बारावीला माझ्याकडे ठेवताना तू तीन वेळा बजावलंस, पोरीने व्यायाम खुशाल करावा, पण खेळायचं नाही, तिचा गुडघा माझ्यासारखा होता कामा नये. मी तुळशीसमोर हो म्हटलं होतं. ते मी पाळलंय. नुसती हकिकत सांगतोय.

तर झालं असं. आरोही रोज सकाळी सहाला कॉलेजच्या मैदानावर जायला लागली. म्हणे व्यायाम. मी मनात म्हटलं, आपल्या घराण्यात पहाटे उठून व्यायाम कोणी केलाय? पोरगी चोरून खेळते आहे. गेलो मागोमाग. झाडाआड उभा राहून वीस मिनिटं पाहिलं. ताई, बारा मुली, आणि एकही पळेना! सगळ्या एका पायावर उभ्या, बगळ्यांसारख्या. मग दोघी-दोघी. एक गुडघ्यांवर उभी, दुसरी मागून तिच्या टाचा धरून बसलेली, आणि पहिली सरळ अंगाने हळूहळू पुढे झुकतेय. मला वाटलं पोरींना कसली तरी शिक्षा झाली आहे. तेवढ्यात साधना मॅडमनी (या त्यांच्या प्रशिक्षक, उंच, शांत, आणि डोळ्यांतून काही सुटत नाही) मला झाडाआडून बाहेर बोलावलं आणि पालक आहात तर तुम्हीही एका पायावर उभे राहून दाखवा म्हणाल्या. मी राहिलो. चार सेकंद. पाचव्या सेकंदाला मी मैदान आखायच्या फक्कीच्या घमेल्यात होतो. घरी आल्यावर सुवर्णाने मला ओळखलं, पण आत घेतलं नाही.

मॅडमनी मग समजावलं. उडी मारून उतरताना किंवा पळता पळता गपकन वळताना गुडघा आत झुकला की आतलं लिगामेंट तुटतं. मुलींमध्ये हे जास्त होतं, आणि धक्का कोणी द्यायलाच लागतो असं नाही. म्हणून आधी मांडीचे मागचे स्नायू घट्ट करायचे, तोल शिकायचा, आणि उतरताना गुडघा वाकवून, पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून, हलकं उतरायचं. आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं, खेळाच्या आधी. मी डोकं हलवत होतो, पण डोक्यात शिरलं एवढंच की इजा व्हायच्या आधी काहीतरी करायचं असतं. आता तू मला ओळखतेस. गुडघा म्हटलं की आपल्याकडे काय करतात? आंबेहळद आणि रक्तचंदनाचा लेप. इजा झाल्यावर लावतात ना? मग इजेच्या आधी लावला तर किती बरं!

सुवर्णाला रविवारभर सहाणेवर बसवलं. (तिने त्या दिवशी जे शब्द वापरले ते पत्रात लिहिता येत नाहीत, तोंडी सांगेन.) सोमवारी सकाळी लेपाची बादली घेऊन मैदानावर हजर. मॅडम यायच्या होत्या, मुली गरीब बिचाऱ्या, काकांचा मान राखणाऱ्या. बारा मुली, चोवीस गुडघे, सगळे धडधाकट, सगळे पिवळे. मोजे गेले, चड्ड्यांच्या कडा गेल्या, एकीच्या पांढऱ्या बुटांकडे तर बघवेना. त्याच दिवशी दुसऱ्या कॉलेजशी सराव सामना होता. (आरोही बाहेर बसली होती. खरंच बाहेर. पाण्याच्या बाटल्या सांभाळत होती, आणि सामनाभर तिचे पाय बसल्या जागी पळत होते, ते काही मला बघवलं नाही.) आपल्या मुली जिंकल्या. पुढच्या आठवड्यात परत सामना, तर समोरच्या कॉलेजच्या मुलीसुद्धा गुडघे पिवळे करून आल्या! मॅडमनी कपाळावर हात मारून घेतला.

पण रागावल्या नाहीत गं. मला बाजूला घेऊन विचारलं, काका, टोमॅटोवर करप्याची फवारणी कधी करता? मी म्हटलं, करपा यायच्या आधी, आल्यावर करून काय उपयोग? मग म्हणाल्या, हा व्यायाम म्हणजे तीच फवारणी. तुमचा लेप म्हणजे करपा आल्यावर पानं पुसत बसणं, तेही करपा न आलेल्या झाडाची. ताई, तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. मी विचारलं, म्हणजे मग गुडघा जाणारच नाही ना? त्या सरळ म्हणाल्या, तसं नाही. हमी कोणी देऊ शकत नाही, धोका बराच कमी होतो, एवढंच म्हणाल्या. मला ते आवडलं. औषधाच्या दुकानातसुद्धा इतकं खरं कोणी बोलत नाही.

त्या दिवसापासून मी संघाच्या कामाला लागलोय. टोमॅटोचे बारा क्रेट मैदानावर नेऊन पालथे घातले. मुली त्यावरून उडी मारून उतरतात. (सुवर्णा म्हणते, माल डोक्यावर नेणार का? तिचं बरोबर आहे.) मला काम दिलंय कानाचं. मी पाठ करून उभं राहायचं आणि उतरल्याचा धप्प आवाज आला की हात वर करायचा. आवाज आला म्हणजे गुडघा नीट वाकला नाही. पहिल्या आठवड्यात माझा हात खालीच येत नव्हता. आता तीन-चार वेळाच वर जातो. हे काम मी इतकं मनावर घेतलंय की मागच्या आठवड्यात मार्केट यार्डात लिलाव चालू असताना व्यापाऱ्याने पोतं टाकलं तर माझा हात वर गेला आणि माझ्या नावावर दुसऱ्याचा कोबी लागणार होता.

एवढीच हकिकत. तू काळजी करू नकोस, काही मागणं नाही. दाजींना नमस्कार. हे पत्र उद्याच्या येवला गाडीच्या कंडक्टरकडे देतोय, सोबत टोमॅटोची पिशवी आहे. वरचे टोमॅटो आधी वापर.

तुझा,
वाल्मीक

ता. क. – पिशवीत टोमॅटोच्या खाली प्लास्टिकमध्ये एक कागद आहे. पालकांचं संमतीपत्र आहे. जिल्हा स्पर्धेच्या यादीत मॅडमनी आरोहीचं नाव घातलंय, सही शनिवारपर्यंत लागते. शिव्या द्यायच्या तर मला दे. तिने मागितलं नाही, मीच मॅडमकडून कागद आणला.

ता. क. २ – वर ‘सगळे मजेत’ लिहिलं ते पूर्ण खरं नाही. बुधवारी यार्डात चार जणांना हलकं उतरणं दाखवायला मी पिकअपच्या मागच्या फाळक्यावरून उडी मारली. ना व्यायाम, ना सराव, ना वय. डाव्या गुडघ्याला पट्टा आहे. डॉक्टर म्हणाले ताणलंय, तुटलं नाही, सहा आठवडे सांभाळा. सुवर्णाने उरलेला लेप काढला होता, आरोहीने तो बाजूला ठेवला आणि डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम रोज माझ्याकडून करून घेते. फार कडक आहे. तुझ्यावर गेलीय.

ता. क. ३ – आता खरं ते लिहितो. सही मीच करणार होतो. तुझी सही मला शाळेपासून येते. आरोहीने पाहिलं आणि तो कागद फाडला, हा दुसरा आहे. म्हणाली, मामा, आईला फसवून खेळले तर उतरताना माझं लक्ष गुडघ्यात राहणार नाही, आईत राहील. तू नाही म्हणालीस तर ती क्रेट आणि बाटल्या सांभाळत बसेल. तक्रार करणार नाही. त्याचीच मला भीती वाटते.

ताई, तू दहावीत होतीस. त्या दिवशी शाळेत मैदानातले दगड वेचायला लावले आणि अंग मोकळं न करता तुम्हाला तसंच खेळायला उतरवलं. तू खांबापाशी वळलीस तेव्हा तुझ्या गुडघ्याचा कट् असा आवाज मी रेषेवर बसून ऐकला. आणि मी हसलो. मला वाटलं तू नाटक करतेस. मग अकरा दिवस गोटीराम मालीशवाला तुझा गुडघा रगडत होता आणि तू उशी तोंडात धरत होतीस. कोणालाच काही कळत नव्हतं गं. मी कधी माफी मागितली नाही, आज मागतो.

सही करायचीच असा हट्ट नाही. नाही म्हण, पण इथे येऊन म्हण. माझ्या शेजारी पाठ करून उभी राहा. बारा मुली एकेक करून क्रेटवरून उतरतील, तू नुसतं ऐक. अकरा जणी कधी ना कधी मला ऐकू येतात. आरोही कधी उतरली, ते मला अजून एकदाही कळलेलं नाही.