हॉटेलात न घ्यायचं नाव

नाना,

मागच्या महिन्यात एका रविवारी तुमच्या हॉटेलात मी झुरळाला झुरळ म्हणाले. भर गर्दीत, खणखणीत आवाजात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मधेच चपला घालून बाहेर पडणार नाही.

गावाकडे सापाला जनावर म्हणतात, तसं आपल्याकडे झुरळाला पाव्हणा म्हणायचे. मी पाचवीत होते. शाळेतून थेट हॉटेलात आले, पिठाच्या डब्यामागून एक मिशा हलवत निघालं आणि मी ओरडले, "नाना, झुरळ!" देवळाली कॅम्पातलं आपलं चार बाकांचं हॉटेल, समोर फौजींची दोन कुटुंबं मिसळ खात बसलेली. तुम्ही मला दंडाला धरून मागे नेलंत. "पोरी, सोनाराच्या दुकानात पितळेचं नाव काढतात का? हॉटेलात हे नाव घ्यायचं नाय. पाव्हणा आलाय म्हण, मी समजतो." तुमचा हा कायदा घरीही लागू होता. वाटणीच्या वेळी काका कसे वागले ते सांगताना आई म्हणायची, "झुरळासारखं झटकून टाकलं हो आपल्याला," तर तुम्ही आधी दाराकडे बघायचात आणि मग काकांना शिव्या घालायचात. जणू गिऱ्हाईक आपल्या स्वयंपाकघरातही येऊन बसलंय.

तुम्ही गबाळे नव्हता, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. भट्टी विझली की ओटा गरम पाण्याने धुवायचात, बोरिक पावडर, कणीक आणि साखर मळून गोळ्या करायचात, कोपऱ्याकोपऱ्यात ठेवायचात. पण मागचं गटार सगळ्या बाजाराचं, तुम्ही एकटे किती पुरे पडणार? एक दिवस व्हायचं ते झालंच. सुभेदारांच्या बायकोने ताटलीतून चमच्यावर काहीतरी काढलं आणि विचारलं, "भैया, ये क्या है?" तुम्ही पुढे होऊन ते उजव्या हाताने उचललंत. "बडी इलायची है, बहनजी. मसाले की." आणि मूठ मिटलीत. त्या खाऊन उठेपर्यंत ती मूठ मिटलेलीच होती. सुटे पैसे तुम्ही डाव्या हाताने दिलेत, नाना. जन्मात कधी कुणाला डाव्या हाताने काही दिलं नव्हतंत. त्या गेल्यावर मागे जाऊन कितीतरी वेळ साबणाने हात धूत राहिलात. मला तुमची लाज नाही वाटली, भीती वाटली. एवढा ताठ माणूस एका किड्यापुढे इतका वाकतो, याची.

आता तो रविवार. बाहेर नंबर लावून माणसं उभी होती. कॉलेजातल्या एका मुलीच्या ताटलीत, फरसाणाखाली, रश्श्यात ते निघालं. तिने आधी मोबाईल काढला आणि नंतर मला बोलावलं; हल्ली असाच क्रम असतो. तुमच्या वेळचे आचारीमामा मागोमाग येऊन माझ्या कानाशी लागले. "ताई, वेलची हाय म्हणा. नाना हेच म्हणायचे. लय वर्षं निभावलंय." मुलीने विचारलं, "हे काय आहे, मॅडम?" मोबाईल माझ्या तोंडासमोर. मी वाकून पाहिलं. वेलची म्हणाले असते आणि समजा तिने मानलं असतं, तर तिने ती मिसळ संपवली असती, माझ्या डोळ्यांदेखत. सुभेदारांच्या बायकोने संपवली होती तशी. ते बघणं मला जमणार नव्हतं. "झुरळ आहे," मी म्हणाले. "आमच्या रश्श्यात झुरळ निघालंय. चूक आमची. कुणीही पुढे खाऊ नका."

मामांनी कपाळाला हात लावला. रश्श्याचं पातेलं मी सगळ्यांसमोर ओतायला लावलं आणि शटर ओढलं. मग मागचा ओटा फोडला, भिंतीतल्या फटी बुजवल्या, गटाराच्या तोंडाला जाळी बसवली. आठवडाभर हॉटेल बंद. "नानांनी उभं केलेलं तुम्ही एका शब्दात बसवलं," हे मामांचं रोजचं पालुपद. मला काळजी होती, नाही कशाला म्हणू, पण पश्चात्ताप नव्हता आणि आजही नाही. पुन्हा उघडलं तेव्हा निम्मी बाकं रिकामी होती. काही जुनी गिऱ्हाइकं तर फिरकलीच नाहीत. त्यांनी आपल्याला, म्हणतेच आता, झुरळासारखं झटकलं. बाकीची हळूहळू येताहेत, आल्या आल्या आधी स्वयंपाकघरात डोकावतात. डोकावू देत, दार उघडंच असतं. कामावरची माणसंही कोपऱ्यात काही हललं की सरळ हाक मारतात, "ताई, झुरळ!" आणि ते तिथल्या तिथे मारलं जातं. पाव्हणा म्हणत होतो तोवर कुणाचा हात लवकर उठत नव्हता.

आता कुणालाच न सांगितलेलं. शटर ओढलं तरी ती मुलगी बाहेर थांबली होती. "मॅडम, काहीतरी सांगून तुम्हाला वेळ मारून नेता आली असती. खरं का सांगितलंत?" मोबाईल अजून चालूच होता. मी म्हणाले, "आमच्या नानांची शिकवण. ते गिऱ्हाइकाशी कधी खोटं बोलले नाहीत." ते वाक्य सगळ्या कॅम्पात फिरलं. परवा एक निवृत्त हवालदार मिसळ खाऊन झाल्यावर तुमच्या फोटोला हात जोडून गेले. मामा मान खाली घालून कांदा चिरत होते, माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

हे पत्र मी तुमच्या फोटोमागेही ठेवणार नाही, फाडून टाकीन. मामांना वाचता येतं. त्या दिवशी मी एकच खोटं बोलले, नाना. पुन्हा कुणी विचारलं, तरी तेच सांगेन.